जागच्या जागी सायकल



चालकांनी मला दूरध्वनीवरून विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "घरात बसून सायकलची शर्यत." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी सांभाळून विचारले, "सर, म्हणजे ती व्यायामाची सायकल का? आमचे वडील डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालवतात ती?" मी म्हणालो, "तिचीच धाकटी बहीण. पण ही शर्यतीत उतरते." चालक सज्जन आहेत, त्यांनी पत्रकावर विषय जसाच्या तसा छापला. काल बाजारात एका जुन्या विद्यार्थ्याने मला गाठून विचारले, की घरातल्या घरात शर्यत लावली तर पहिला येणारा पोहोचतो कुठे, स्वयंपाकघरात? आजचे व्याख्यान हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे.

मी स्वतः सायकलपटू नाही. चौतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविले आणि त्यांतली बहुतेक वर्षे शाळेत सायकलवर गेलो, एवढाच माझा त्या वाहनाशी संबंध. या विषयाकडे मला ओढले ते माझ्या पुतणीने. ती घाटाखाली, माझ्या धाकट्या भावाच्या घरी असते. आपल्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख घाटावरचा की घाटाखालचा अशीच होते, तेव्हा हे सांगितले पाहिजे. तिला शर्यतीच्या सायकलीचा नाद. रविवारी पहाटे निघावे, मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला माझ्या दारात यावे, चहापोहे घ्यावेत आणि उतरून जावे, असा तिचा क्रम होता. दोन वर्षांपूर्वी उतरताना एका वळणावर रस्त्याच्या कडेला सांडलेल्या बारीक खडीवरून चाक घसरले आणि गळ्याजवळचे हाड मोडले. समोरून मालमोटार येत नव्हती, हे नशीब. भावाने सायकल माळ्यावर टाकली आणि जाहीर केले, की आता हा विषय संपला.

मुलगी वादात पडली नाही. हाड जुळले, वैद्यांनी हालचालीला परवानगी दिली, आणि तिने साठवलेल्या पैशांत आजीचे थोडे पैसे घालून पुण्याच्या एका सायकलस्वाराकडून एक वापरलेले यंत्र आणविले. धान्याच्या कोठ्या ठेवतात त्या खोलीत ते मांडले. मी पहिल्यांदा पाहावयास गेलो, तेव्हा ती पाय मारीत होती, घाम गळत होता आणि सायकल तसूभरही हलत नव्हती. मी म्हणालो, "बाई, हा तर घाण्याचा बैल झाला." ती पाय न थांबविता म्हणाली, "मोठेबाबा, घाणा बैलाला चढ देत नाही."

या उत्तरातच सगळे यंत्र आहे. ते आधी समजावून घेऊ.

सायकलचे मागचे चाक काढून टाकावयाचे आणि त्या जागी एका लोखंडी बैठकीवर सायकलचा सांगाडा बसवावयाचा. बैठकीला दातेरी चक्रे असतात, त्यांवर आपली नेहमीची साखळी चढते. पाय मारले की आतले एक जड चाक फिरू लागते. जड अशासाठी, की रस्त्यावर सायकलला जी गती साठलेली असते आणि पाय थांबले तरी ती पुढे नेते, ती येथे त्या चाकात साठावी. आता त्या चाकाला रोध करावयाचा. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुना विजेचा मीटर होता, त्यांनी त्यात गरगर फिरणारी ॲल्युमिनियमची चकती पाहिली असेल. ती चकती लोहचुंबकाच्या दोन टोकांमधून फिरते. चुंबक तिला स्पर्श करीत नाही, तरी ती मोकाट सुटत नाही. चुंबकाजवळून धातू फिरला, की धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात आणि ते त्याच धातूला मागे ओढतात. या यंत्रात तेच आहे. फक्त चुंबक विजेचा आहे, म्हणून त्याचा जोर हवा तेवढा कमीजास्त करता येतो. हा जोर किती ठेवावा हे संगणक सांगतो. पडद्यावर सपाट रस्ता आला की चुंबक सैल. चढ आला की आवळतो. शंभर मीटर अंतराला आठ मीटर चढ असेल, तर पायांना नेमका तेवढाच भार. उलट दिशेने यंत्र संगणकाला कळविते, की ही बाई या क्षणी इतके वॅट शक्ती लावीत आहे. वॅट म्हणजे आपल्या दिव्यावर लिहिलेले तेच वॅट. संगणक त्या शक्तीला स्वाराच्या आणि सायकलच्या वजनाचा हिशेब लावतो आणि पडद्यावरची बाहुली तेवढ्या वेगाने पुढे सरकवितो. बाहुलीच्या मागेपुढे ज्या इतर बाहुल्या, त्या प्रत्येकीमागे कोठेतरी एक खरा माणूस घाम गाळीत असतो, कोणी डेन्मार्कमध्ये, कोणी जपानात. दुसऱ्याच्या मागे चिकटून गेले तर वारा कमी लागतो, ही सवलतसुद्धा संगणक मोजून देतो.

कल्पना नवी नाही. कोपनहेगनचे ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ साली विद्युतचुंबकाचा ब्रेक असलेली स्थिर सायकल बनविली, ती स्नायूंचे काम आणि श्वास यांचा हिशेब मांडण्यासाठी. पुढे १९२० साली त्यांना शरीरविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि आपल्याकडे तर याहून जुने उदाहरण आहे. मल्लखांब म्हणजे दुसरे काय? तो लाकडी खांब काही डाव टाकीत नाही. पण त्याला प्रतिपक्षी समजून पकडी घ्यावयाच्या आणि शरीर तयार करावयाचे. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब पाहिलेली मंडळी येथे असतील. तेथे कोणी म्हटले नाही की ही कुस्ती खोटी आहे. दारावर येणारा चाकूसुऱ्यांना धार लावणारा सायकल स्टँडवर लावून पाय मारतो, चाक रस्त्यावर चालत नाही, पण धार खरी लागते.

खरेपणाचा हा मुद्दा मी वर्गात शिकविल्यासारखा आकड्यांनी मांडतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरा आणि घाटाची उंची ३०० मीटर धरा. हे वजन तेवढे उचलावयास सुमारे २ लाख ३५ हजार ज्यूल काम पडते. माणसाने १५० वॅट शक्ती सतत लावली, तर त्याला सव्वीस मिनिटे लागतील. ही सव्वीस मिनिटे राजूर घाटात गेली काय आणि कोठ्यांच्या खोलीत गेली काय, मांडीच्या स्नायूंना फरक कळत नाही. हृदयालाही कळत नाही. वेदान्ती मंडळी जगाला मिथ्या म्हणतात. येथे जग मिथ्या आहे पण धाप सत्य आहे.

किंबहुना एका बाबतीत खोली रस्त्याहून कठोर आहे. माणसाचे शरीर हे फार काटकसरी इंजिन नव्हे. खाल्लेल्या अन्नाच्या शक्तीपैकी पाचवा, फार तर चौथा हिस्सा पायट्यांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. माझी पुतणी १६० वॅट लावते, तेव्हा तिच्या अंगातून पाचशे-सहाशे वॅट उष्णता बाहेर पडावयास हवी, म्हणजे जवळजवळ एका लहान शेगडीइतकी. ही उष्णता घाम वाळून जाते, आणि तासाभरात पाऊण ते एक लिटर घाम वाळावा लागतो. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाताना स्वतःच निर्माण केलेला वारा घाम वाळवितो. खोलीत वारा नाही. म्हणून पंखा ही येथे चैन नसून यंत्राचाच एक भाग आहे. घाटाखालचा मे महिना आपण जाणता. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम असते, आणि पंखा घाम वाळवितो तशी उष्णताही अंगावर आणून टाकतो. भावाने प्रेमाने खोलीत कूलर लावून दिला; दारे बंद असल्यामुळे हवा ओली झाली आणि घाम वाळेनासा झाला. चार दिवस मुलगी डोके धरून बसे. मग खिडकी उघडी ठेवून कूलर खिडकीत आणि पंखा समोर, अशी व्यवस्था झाली, आणि वेळ पहाटे साडेचारची ठरली. व्यासपीठावरून सांगतो म्हणून हसू नका. कोणी घरी असे यंत्र आणणार असेल, तर त्याने आधी खिडकी पाहावी, मग यंत्राची किंमत विचारावी. किंमतही सांगून टाकतो: नवे चांगले यंत्र पन्नास हजार रुपयांच्या वर जाते, सायकल, संगणक आणि महिन्याची वर्गणी निराळी. ही गरिबाघरची गोष्ट नाही. पुतणीचे यंत्र तिसऱ्या हातचे आहे आणि त्याचा एक पाय विटेवर टेकलेला आहे.

आता जगात याचे काय झाले ते पाहू. मॅथ्यू हेमन नावाचा ऑस्ट्रेलियन सायकलपटू २०१६ च्या फेब्रुवारीत एका शर्यतीत पडला आणि त्याच्या हाताचे हाड मोडले. वय सदतीस. दगडी फरशांच्या रस्त्यांवरून जाणारी पॅरिस-रूबे ही अतिशय खडतर शर्यत सहा आठवड्यांवर आली होती. हाताला पट्टा बांधून तो घरात अशाच यंत्रावर बसला, दररोज तासन् तास. १० एप्रिलला तो पॅरिस-रूबेत उतरला आणि नामांकित टॉम बोनेनला शेवटच्या मैदानात मागे टाकून जिंकला. मी भावाला ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, "त्याला बाप नसेल."

मग २०२० साली करोनाची साथ आली, रस्ते बंद झाले, आणि जी गोष्ट सरावाची होती ती एकदम शर्यतीची झाली. बेल्जियमची फ्लँडर्सची शर्यत त्या एप्रिलमध्ये तेरा स्वारांनी आपापल्या घरांतून लढविली. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करण्याची जी शर्यत आहे, ती आपल्याकडे परिचयाची आहे. नाशिकच्या महाजन बंधूंनी ती २०१५ साली जोडीने आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने पुरी केली. २०२० मध्ये ती रद्द झाली, तेव्हा तिची आभासी आवृत्ती घरोघर झाली. आपल्या सैन्यातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू त्यात बारा दिवस पाय मारीत सुमारे चार हजार किलोमीटर गेले आणि तिसरे आले. बारा दिवस, एका जागी! रस्त्यावर निदान झाडे तरी बदलतात. याच वर्षी ९ डिसेंबरला या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा एका काल्पनिक बेटावरच्या रस्त्यांवर झाली. पुरुषांत जिंकला जेसन ऑसबोर्न, आणि तो मूळचा वल्हवणारा! पुढच्या वर्षी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्याने नौकानयनात रौप्यपदक मिळविले. स्त्रियांत दक्षिण आफ्रिकेची ॲश्ले मूलमन-पासियो पहिली आली. ऑस्ट्रेलियाच्या जे व्हाइनला तर अशा यंत्रावर झालेल्या निवड-स्पर्धेतून व्यावसायिक संघात जागा मिळाली आणि २०२२ च्या स्पेनच्या दौऱ्यात त्याने डोंगरातले दोन टप्पे जिंकले. मला या सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की युरोपात जन्मलेला आणि तेथल्या रस्त्यांवर वाढलेलाच या खेळात शिरू शकतो, ही जुनी अट येथे थोडी ढिली झाली. मुलगी घाटाखालच्या गावात आहे, जवळपास तिच्या बरोबरीने सायकल चालविणारी दुसरी मुलगी नाही, पहाटे अंधारात एकटीने रस्त्यावर जाऊ नये असे घरच्यांना वाटते, आणि बोथ्याच्या जंगलातून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावर तर अस्वलाचीही भीती. तिला साठ प्रतिस्पर्धी हवेत, तर ते कोठून आणावयाचे? कोठ्यांच्या खोलीत ते मिळतात.

येथवर मी वकिली केली. आता उलटतपासणी.

पूर्वी पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळत असत. एक चाल लिहून कार्ड टाकावयाचे, आठ दिवसांनी उत्तर. समोरचा पुस्तक उघडून चाल शोधतो की कोणा उस्तादाला विचारतो, हे कळण्यास मार्ग नव्हता. या शर्यतीचे तसेच आहे. २०१९ च्या मार्चमध्ये ब्रिटनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. विजेत्याचे पद त्याच ऑक्टोबरमध्ये काढून घेण्यात आले. त्याने शर्यतीत लबाडी केली नव्हती. पण त्या खेळात पुष्कळ मैल चालविले आणि चढण चढली म्हणजे एक वेगवान काल्पनिक सायकल बक्षीस मिळते, ती त्याने स्वतः पाय न मारता संगणकाच्या कार्यक्रमाकरवी मिळविली होती. त्याला दंड झाला आणि सहा महिने बंदी. काल्पनिक सायकलीसाठी खरी बंदी! पण याहून साधी आणि म्हणून अधिक मोहाची लबाडी वजनाची आहे. यंत्र शक्ती मोजते. वजन मोजत नाही. वजन स्वाराने आपणहून लिहावयाचे.

एके दिवशी पुतणी मला आपले निकाल दाखवीत होती. आल्प्समधल्या एका प्रसिद्ध चढणीची हुबेहूब नक्कल त्या खेळात आहे, बारा किलोमीटर लांब आणि हजार मीटरांहून अधिक उंच, एकवीस वळणांची. त्या चढणीवर तिचा क्रमांक चांगला आला होता. माझी नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली: वजन ५१ किलो. मी म्हणालो, "बाई, दिवाळीत तुझ्या आईने तुला धान्याच्या काट्यावर उभे केले होते, तेव्हा ५४ भरले होते." ती म्हणाली, "मोठेबाबा, सगळेच दोनतीन किलो कमी लिहितात."

मी रागावलो नाही. वहीत गणित मांडले. सायकल ८ किलो. एकूण ६२ च्या जागी ५९. १६० वॅटने ती चढण सव्वा तासाच्या आतबाहेर संपते, आणि तीन किलोंमुळे तीन मिनिटांहून जास्त वाचतात. तीन मिनिटांत तिच्या पुढे-मागे किती बाहुल्या होत्या, ते तिनेच मोजले. मोजल्यावर ती काही बोलली नाही. मी घाट चढून घरी आलो. आठ दिवसांनी तिचा दूरध्वनी आला: वजन दुरुस्त केले, अकरा क्रमांक खाली गेले, आता समाधान झाले का? माझे समाधान झाले होते. तिचे झाले नव्हते, आणि ते मला बरोबर वाटले. कारण 'सगळेच' असे जे ती म्हणाली होती, त्यातले काही जण खरोखरच तिच्या वर बसलेले असणार. तिने कोणाचा काटा तपासावा?

मोठ्या स्पर्धांनी यावर जो उपाय काढला, त्याची मला मौज वाटते. वजन करतानाचे चित्रीकरण मागितले, दोन दोन ठिकाणी शक्ती मोजली. आणि शेवटी २०२४ ची जागतिक अंतिम स्पर्धा घेतली, तेव्हा स्वारांना अबूधाबीत एकत्रच बोलाविले. म्हणजे घरातल्या घरात धावणारी शर्यत, माणसे एकमेकांना दिसावीत म्हणून, विमानाने एका छपराखाली आली. तेथेही ऑसबोर्नच जिंकला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आणखी एक न्यूनता आहे, ती आपल्याकडचीच. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी मी तिच्याकडे होतो. शर्यत रंगली होती. ती पहिल्या दहांत होती, दोन किलोमीटर उरले होते, घरची सगळी मंडळी कोठ्यांवर बसून पाहत होती, माझा भाऊसुद्धा. वीज गेली. पंखा थांबला, यंत्र मेले. संगणक तेवढा आपल्या बॅटरीवर जिवंत राहिला आणि त्याच्या पडद्यावर तिची बाहुली हळूहळू मंद होत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बाकीच्या तिच्या बाजूने निघून गेल्या. अंधारात ती तरीही पाय मारीत होती. साखळीचा आवाज येत होता. भाऊ उठला, बॅटरी शोधून आणली आणि म्हणाला, "इन्व्हर्टर केवढ्याला येतो रे, दादा?" सायकल माळ्यावर टाकणारा हाच माणूस.

यंत्राला जे माहीत नसते, त्याबद्दल एक सांगून संपवितो. कोणत्याही खऱ्या रस्त्याची चढउताराची नोंद करून ती या यंत्रावर घालता येते. पुतणीने राजूर घाट घातला. आमचा घाट त्या खोलीत शेकडो वेळा चढला गेला. यंत्राला प्रत्येक वळणाचा चढ ठाऊक आहे. वळणावरची खडी त्याला ठाऊक नाही, आणि समोरून येणाऱ्या गाडीला किती जागा द्यावयाची तेही नाही. यंत्रावर हँडल वळवावेच लागत नाही. दोन वर्षांत तिचे पाय तयार झाले आणि हात विसरले. या जानेवारीत ती प्रथमच खऱ्या घाटाला आली. भाऊ मोटारसायकलवर मागे. चढण तिने पूर्वीच्या निम्म्या कष्टात काढली. उतरताना मात्र ब्रेक इतके आवळले, की खाली पोहोचेपर्यंत तिची बोटे आखडली. त्या वळणावर ती उतरली, सायकल हातात धरून चालत गेली, आणि पुढे गेल्यावर पुन्हा बसली. आता रविवारी रस्ता आणि इतर दिवशी खोली, असा बापलेकीत तह झालेला आहे.

ते यंत्र आज तिने येथे आणले आहे. मंडपाच्या डाव्या बाजूला, विटेसकट. व्याख्यानानंतर कोणाला पाय मारून पाहावयाचे असतील त्यांनी जरूर पाहावेत. घाट आमचाच लावलेला आहे. वजन खरे लिहावे, कारण धान्याचा काटाही शेजारीच ठेवला आहे. धोतर नेसलेल्यांनी साखळीकडे लक्ष द्यावे, आणि वीज आहे तोवर घाई करावी.